भरली गाडी, खाली गाडी

उकंडराव भोपळे घेऊन आले युरियाच्या पोत्यात घालून
जिनिंगच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर.
वडनेरहून दर्यापूर, मोटरसायकलच्या टाकीवर, लेकरू आणावं तसा.
"माय, रातच्याले बरा होता.
सकाळी म्हणते, डिस्क खाली."

खाली.
काट्यावर बसणारा माणूस हा शब्द
उगाच वापरत नाही.

मी लावून पाहिलं. खरंच.
अकरा वर्षांच्या पावत्या, आणि मशीन सांगत होतं
इथं कधी कोणी राहिलंच नाही.

म्हटलं, काका, माल गेला नाही.
पहिल्या सेक्टरच्या शेवटाला चौसष्ट बाइटांची यादी असते,
कुठून कुठवर कोणाचं, एवढंच लिहिलेलं.
ती खरडली गेली.
पऱ्हाटी उभी आहे वावरात,
फक्त तलाठ्याचं पान फाटलं.

शोधत गेले. त्रेसष्टाव्या सेक्टरवर पहिली खूण लागली,
दुसरी फार लांब, पार विहिरीपल्याड म्हणावी अशी.
यादी हातानं भरली. पावत्या दिसल्या.
उकंडरावांनी खिडकीतूनच चहा सांगितला.
मी मशीन बंद करून चालू केलं.

खाली.

पुन्हा भरली. पुन्हा खाली.
केबल बदलली, रॅम काढून खोडरबरानं घासली,
डिस्कला नावं ठेवली, विजेला नावं ठेवली,
तर वीज खरंच गेली.
इन्व्हर्टर किरकिरत होता, चहावर साय धरली होती,
आणि तिसऱ्यांदा भरलेली यादी
माझ्यासमोर तिसऱ्यांदा मेली.

"एक इचारू का?" उकंडराव म्हणाले.
"तू घडीघडी भरली गाडीच तोलून राह्यली.
खाली गाडी कवा तोलशील?
दोन्ही वजनं घ्या लागते, माय.
जो फरक, तो माल."

वही उघडली.
डाव्या पानावर चालू करण्याआधीचे पाचशे बारा,
एकदा चालू केलं,
उजव्या पानावर नंतरचे पाचशे बारा.
डावीकडे त्यांचं बोट, उजवीकडे माझं,
मोठ्यानं वाचत, लिलावासारखं नाही, सावकाश.
चारशे पंचेचाळीसपर्यंत सगळं जिथल्या तिथं.
त्याच्या पुढच्या घरावर त्यांचं बोट थांबलं.
"हे पाह्य. इथं बदललं."

मग त्यांना आठवलं, की सांगायचं राहिलं होतं:
रात्री भाचा आला होता नागपूरहून,
पिक्चर पाहायला दुसरी सिस्टीम टाकून गेला,
आणि दाराशी एक नवा बुटलोडर बसवून.

तो बिचारा लक्षात ठेवू पाहत होता
मागच्या खेपेला कोणतं दार उघडलं.
चालू झाला की चारच आकडे लिहायचा.
पण त्याच्या वाट्याचे चारशे सेहेचाळीस
कधीच भरून गेले होते,
म्हणून आठवण लिहायची शेजाऱ्याच्या यादीवर.

"धुरा कोरून राह्यला," उकंडराव म्हणाले, रागानं नाही.
"आमच्या इथं देवमनही कोरे. दर वखराले एक तास.
म्हणे, बैल वळाले जागा नको का?"

मी तो बुटलोडर काढला, जुना साधा बसवला.
चौथ्यांदा यादी भरली.
बंद केलं. चालू केलं. बंद केलं. चालू केलं.
त्यांना तेवढ्यानं पुरलं नाही.
एक पावती उघडायला लावली, सात वर्षांपूर्वीची,
ट्रॅक्टरचा नंबर डोळे मिटून आधी स्वतः बोलले,
मग पडद्यावर पाहिलं.
"हं."

पोत्याचं तोंड सुतळीनं बांधताना विचारलं,
"मंग आता याले याद नाही राह्यणार?
काल काय उघडलं होतं ते?"
नाही, मी म्हटलं. रोज नव्यानं विचारेल.

"इचारू दे," ते म्हणाले,
गाठ एकदा ओढून पाहत.
"मी आहो ना सांगाले."